बराखीतला वारा

आपल्या वाङ्मयीन व्यवहारात 'हिशेबी' हे विशेषण कौतुकाने वापरलेले मला आठवत नाही. एखाद्या कादंबरीतले पात्र हिशेबी असले की ते खलत्वाच्या वाटेवर निम्मे चालून गेलेले असते. कवितेला तर हिशेबाचा नुसता वास आला तरी आपण नाक मुरडतो. 'त्याने गणित मांडले' हे वाक्य आपण माणसाच्या संदर्भात वापरतो तेव्हा त्या माणसाविषयी काही बरे बोलायचे नसते. संवेदना एकीकडे आणि आकडेमोड दुसरीकडे, ही फारकत आमच्या अभ्यासक्रमांनी इतकी गृहीत धरलेली आहे की तिची चर्चाही होत नाही. मराठीची प्राध्यापक या नात्याने मी या व्यवस्थेत सुखाने नांदते आहे. प्रस्तुत लेख मात्र एका हिशेबाविषयी आहे, आणि तो हिशेब कांद्याच्या ढिगाखाली वारा कसा न्यावा याचा आहे. विषय साहित्याच्या मंडळींना थोडा अडनिडा वाटेल. तरी वाचावे.

आधी थोडे नाणेघाटाविषयी. जुन्नरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावर जी खिंड कोकणात उतरते तिच्या तोंडाशी एक लेणे आहे आणि त्या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहनांचा मोठा लेख कोरलेला आहे. बहुतेक अभ्यासक तो राणी नागनिकेचा मानतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख मराठीचे लोक अभिमानाने सांगतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही त्याची पुष्कळ आठवण निघाली. पण त्या लेखात आहे काय? यज्ञांची आणि दक्षिणांची यादी. इतक्या गायी, इतके घोडे, इतके कार्षापण. भारतातल्या अंकांच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे, कारण दोन, चार, सहा, सात, नऊ यांची चिन्हे इथे दगडात दिसतात; दहाला, शंभराला, हजाराला वेगळी चिन्हे आहेत आणि शून्य नाही. म्हणजे ज्या दगडाकडे आपण भाषेचा पूर्वज म्हणून पाहतो तो मुळात एक जमाखर्च आहे. समोरच दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो. हिशेब आणि वाङ्मय यांची फारकत तिथे तरी झालेली दिसत नाही.

त्याच नाणेघाटात पावसाळ्यात लोक गर्दी करतात ती लेखासाठी नव्हे, उलट्या धबधब्यासाठी. कोकणातून चढून आलेला पश्चिमेचा वारा कड्याला अडतो, खिंडीत घुसतो, आणि जागा अरुंद झाली की त्याचा वेग वाढतो. इतका, की कड्यावरून खाली पडू पाहणारे पाणी तुषार होऊन वर उडते. जागा निम्मी झाली तर वेग दुप्पट होतो, कारण जेवढी हवा एका तोंडाने आत शिरली तेवढीच दुसऱ्या तोंडाने बाहेर पडली पाहिजे. नळीतून वाहणाऱ्या वाऱ्याचे पहिले सूत्र एवढेच आहे. नाणेघाट ही निसर्गाने सह्याद्रीत बसवलेली एक नळीच.

आता आमच्या गावाकडे येते. ते आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पूर्वेला आहे. डिंभे धरणाचे पाणी कालव्याने आल्यापासून इथे कांदा, बटाटा, ऊस असे सगळेच होते. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढतात. थोडे दिवस शेतातच सुकवून, पात कापून, सावलीत ठेवून मग तो साठवणीला जातो. साठवण दोन प्रकारची. शेतातच ढीग घालून वर उसाचे पाचट टाकले की ती अरण. घराजवळ बांधलेली पक्की जागा म्हणजे बराखी. शासकीय पत्रकांत या बराखीला 'कांदा चाळ' म्हणतात. मला बराखी हा शब्दच जवळचा आहे, त्यामुळे पुढे तोच वापरते.

बराखी ही वास्तू म्हणून लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. तिच्या भिंती भिंती नसतात. बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या, मध्ये फटी. जमीन जमिनीवर नसते. दीड-दोन फूट उंचावर, तीही फटींची. ढिगाची रुंदी चार फूट, उंची पाच फूट, यापेक्षा जास्त नाही. एका ओळीची असेल तर दक्षिणोत्तर बांधावी आणि दोन ओळींची असेल तर पूर्व-पश्चिम, असे कृषी खात्याचे लोक सांगतात. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, आमच्यापासून नाशिक रस्त्याने अर्ध्या तासाच्या अंतरावर. तिथल्या शिफारशींचा भर खालून हवा खेळती ठेवण्यावर आहे. एकूण ही वास्तू कांद्यासाठी बांधलेली दिसत असली तरी तिची सगळी मापे वाऱ्याने ठरवलेली आहेत. एका ओळीच्या दक्षिणोत्तर बराखीची लांब बाजू पश्चिमेला येते, म्हणजे वारा तिच्या रुंद छातीवर येऊन आदळतो आणि चार फुटांचा ढीग ओलांडून पलीकडे जातो.

हे सगळे कशासाठी? कारण कांदा जिवंत असतो. काढल्यावरही तो श्वास घेतो, आपल्यातली साखर जाळतो, आणि त्या जळण्यातून कर्बवायू, पाणी आणि ऊब बाहेर टाकतो. एका कांद्याची ऊब कुणाला जाणवणार नाही. पण पंचवीस टन कांदा एकत्र रचला की ती ऊब मधोमध कोंडते, कोंडली की श्वास वाढतो, श्वास वाढला की ऊब आणखी वाढते. मग काळी बुरशी, सड, आणि तो वास, जो एकदा नाकात बसला की दिवाळीपर्यंत जात नाही.

मराठीत उष्णतेला शब्द किती! ऊब, उबारा, धग, झळ, उष्मा, उकाडा, काहिली. प्रत्येकाची जागा वेगळी. ऊब हवीशी, उकाडा नकोसा. धग जवळून लागते, झळ दुरून येते. पण ही उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी जाते, यासाठी बोलीने शब्द केलेले नाहीत. ते पाठ्यपुस्तकांनी केले. वहन, अभिसरण, प्रारण. यातला 'अभिसरण' आमच्या वर्गात वेगळ्याच दाराने येतो. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत 'सामाजिक अभिसरण' हा शब्द आम्ही सरसकट वापरतो, आणि विद्यार्थ्यांना तो समाजशास्त्राचाच वाटतो. पातेल्यातले पाणी तळाशी तापून वर येते आणि वरचे गार पाणी खाली जाते, हे त्याचे मूळ चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. एकदा ते डोळ्यांसमोर आणले की प्रश्न पडतो, आपण ज्याला अभिसरण म्हणतो त्यात खालचे वर येते तसे वरचे खाली येते का? असो. विषयांतर होते आहे.

आमची बराखी २०११ साली बांधली, एका ओळीची, दक्षिणोत्तर. अकरा वर्षे तिने चांगले काम केले. २०२२ मध्ये भावकीतल्या एका घराने आपल्या हद्दीत, आमच्या बराखीच्या पश्चिमेला, जेमतेम सहा फुटांवर, पोल्ट्रीसाठी उंच भिंत आणि शेड उभी केली. जागा त्यांची, भिंत त्यांची, बेकायदेशीर असे काही नाही. फक्त वारा थांबला. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बराखी फोडली तेव्हा पंचवीस टनांतला जेमतेम पंधरा टन बाजारात नेण्याजोगा निघाला. त्यातली काही घट नुसत्या सुकण्याची, ती सगळीकडेच होते. उरलेली सडण्याची होती. मंचरच्या बाजारात दहा किलोंवर भाव बोलतात. गेलेल्या दहा टनांत अशी हजार मापे होतात, हे दादाने कुणाला बोलून दाखवले नाही, पण घरात सगळ्यांना ते कळत होते.

वाऱ्यावर कुणाचा हक्क असतो का, हे मी वकिलांना विचारले. असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उजेड आणि हवा यांच्या वहिवाटीची तरतूद आहे. इमारतीला येणारा वारा वीस वर्षे शांतपणे, अखंड उपभोगला असेल तर तो हक्क होतो. आमची अकरा वर्षे झाली होती. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, झाडांची असते, वाऱ्याची नसते. शिवाय भावकीत कोर्टाची पायरी चढायची म्हणजे पुढच्या दोन पिढ्यांच्या लग्नपत्रिकांचा प्रश्न. दादाने तो विचार एका वाक्यात संपवला. "वारा त्यांनी अडवला, पण पाण्याची पाळी अजून एकच आहे."

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ढीग तापला की कळते. ते फटीतून कोपरापर्यंत हात आत घालतात, थोडा वेळ तसाच ठेवतात, आणि म्हणतात, "उबारा धरलाय." किंवा काहीच म्हणत नाहीत, तेव्हा सगळे ठीक असते. हे ज्ञान खरे आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण त्याला एक मर्यादा आहे आणि ती अण्णांनीच मला सांगितली: हात जिथवर पोचतो तिथवरच कळते, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. उद्या किती तापेल हे हात सांगत नाही.

माझी भाची पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने २०२४ च्या मार्चमध्ये सुचवले की भिंतीने वारा अडवला असेल तर आपण तो ब्लोअरने आणू आणि नळीने फरशीखाली सोडू. दादाने तालुक्यातल्या एका फॅब्रिकेटरला बोलावले. त्याने डोळ्यांनीच अंदाज घेतला आणि सांगितले: घराच्या भिंतीशी, मीटरजवळ ब्लोअर बसवू, तिथून बारा इंची पत्र्याची नळी गोठ्याच्या पत्र्याखालून, वासे धरून, बराखीपर्यंत नेऊ. वीस मीटर. वर असल्यामुळे जनावरांच्या पायात येणार नाही. सूचना अगदी शहाणपणाची वाटत होती. भाची म्हणाली, "आधी मोजू."

मग तीन संध्याकाळी आम्ही दोघी ओसरीवर बसून मोजत होतो. म्हणजे ती मोजत होती आणि मी विचारत होते. विचारणाऱ्याला विषय कळत नसेल तर सांगणाऱ्याला तो अधिक नीट सांगावा लागतो, हा अध्यापनातला अनुभव इथे उलट्या बाजूने आला.

पहिला प्रश्न, कांदा किती ऊब देतो. पंचवीस ते तीस अंशांना टनामागे पन्नास वॅट धरावेत, असे तिने ठरवले; जात, ओल, जखमा यांप्रमाणे हा आकडा बराच इकडेतिकडे होतो, म्हणून 'धरावेत'. पंचवीस टनांचे साडेबाराशे वॅट झाले. हा आकडा ऐकून मला काही वाटले नाही. ती म्हणाली, "आत्या, ढिगाच्या पोटात एक कपड्यांची इस्त्री दिवसरात्र चालू ठेवली आहे असं समज." तेव्हा वाटले.

दुसरा प्रश्न, ही ऊब वाहून न्यायला हवा किती लागेल. आत शिरणारी हवा ढिगातून बाहेर पडताना दोन अंशांहून जास्त तापू नये, अशी अट घातली. एक किलो हवा एक अंश तापायला साधारण हजार ज्यूल लागतात. हवेलाही वजन असते आणि ते गावागणिक बदलते, हे मला नवे होते; समुद्रकाठी घनमीटरला १.२ किलो धरतात, पण आम्ही सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, त्यात तीस अंशांचा उन्हाळा, म्हणून १.०८. भागाकार केल्यावर सेकंदाला ०.५८ घनमीटर हवा आली.

तिसरा प्रश्न नळीचा. बारा इंची, म्हणजे तीस सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून एवढी हवा जायची तर तिला सेकंदाला आठ मीटरने धावावे लागते. चाळीस सेंटिमीटर केली तर साडेचार मीटर पुरतात. फरक वरवर दुपटीहूनही कमी. पण घर्षणाने वाया जाणारा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, शिवाय नळी अरुंद झाली की भिंत हवेच्या जवळ येते. दोन्ही मिळून चाळीस सेंटिमीटरच्या नळीत वीस मीटरला दहा पास्कल दाब लागत होता, तिथे तीसच्या नळीत त्रेचाळीस. चार इंचांसाठी चौपट. आणि वळणे! एक काटकोनी वळण एकटेच बारा पास्कल खात होते, म्हणजे सबंध वीस मीटर सरळ नळीपेक्षा जास्त. फॅब्रिकेटरच्या रस्त्यात अशी चार वळणे होती.

इथे मी तिला थांबवले. घर्षण मोजायचे म्हणजे हवेचा स्वभाव माहीत हवा. ती सरळ रेषेत जाते की घुसळत, हे कसे ठरवले? त्यावर तिने ऑस्बोर्न रेनॉल्ड्सची गोष्ट सांगितली. मँचेस्टरच्या या प्राध्यापकाने काचेच्या नळीतून पाणी सोडले आणि मधोमध रंगाची एक बारीक धार धरली. वेग कमी असताना धार दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढवत नेला तेव्हा एका टप्प्यावर ती अकस्मात विस्कटली आणि नळीभर रंग पसरला. हा टप्पा वेग, व्यास, घनता आणि चिकटपणा यांच्या एका गुणोत्तरावर ठरतो. ते दोन हजारांच्या आसपास असले की सरळपणा डळमळू लागतो. आमच्या नळीत ते लाखाच्या वर होते. म्हणजे वादळच.

रेनॉल्ड्सचा तो निबंध १८८३ सालचा. ही तारीख ऐकताच माझ्या डोक्यात दुसरी वाजली, कारण महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ मध्येच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही आणि ओढूनताणून लावणार नाही. पण वर्गात मी 'असूड' शिकवताना त्यातला संताप शिकवते, त्याचे गद्य शिकवते. त्यात ताली-बंधारे कसे घालावेत, पाणी जमिनीत कसे जिरवावे, याचे जे व्यवहारी विवेचन आहे ते आम्ही 'आशय' या सदरात दोन ओळींत उरकतो. फुले शेतकऱ्याच्या दुःखाचे लेखक आहेत तितकेच शेतीच्या हिशेबाचेही आहेत. हा मुद्दा कुणीतरी नीट लिहायला हवा.

घर्षणाचा गुणांक काढायला भाचीने मूडीचा आलेख उघडला, १९४४ सालचा. एका कागदावर शेकडो प्रयोगांच्या रेषा. मी विचारले, हे आकडे सिद्ध केलेले आहेत का? ती म्हणाली, सरळ प्रवाहाचे सिद्ध करता येतात. घुसळणाऱ्या प्रवाहाचे बहुतेक मोजून काढलेले आहेत. पुढे उष्णतेच्या सूत्रात ०.०२३ असा एक आकडा आला. डिटस आणि बोल्टर यांच्या नावाने ते सूत्र ओळखतात, १९३० च्या सुमाराचे. ०.०२३ च का? त्यालाही उत्तर तेच: कित्येकांनी नळ्या तापवल्या, मोजले, आणि ज्या आकड्यावर सगळ्यांचे जुळले तो हा. अण्णांचा हात आणि हा आकडा यांत मला वाटत होते तेवढे अंतर नव्हते. फरक असलाच तर असा की अण्णांचा हात अण्णांबरोबर असतो, आणि हा आकडा कॅलिफोर्नियातून आमच्या ओसरीपर्यंत आला.

चौथा प्रश्न विचारण्याचे कारण आम्हाला वाटले नव्हते. भाचीने तो केवळ पद्धत म्हणून घेतला. नळीतून जाताना वाटेत हवा किती तापेल? एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गोठ्याच्या पत्र्याखाली पंचेचाळीस अंश सहज होतात. जनावरेही तिथे उभी राहत नाहीत, लिंबाखाली जातात. घराच्या सावलीतून घेतलेली हवा तीस अंश धरली. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग पंचवीस चौरस मीटर. बाहेरून नळीच्या पत्र्याला, पत्र्यातून आतल्या हवेला, अशा दोन टप्प्यांनी उष्णता शिरते. पत्रा स्वतः तिला जवळजवळ अडवत नाही. सगळे मांडून झाल्यावर उत्तर आले: वीस मीटरच्या प्रवासात हवा तीन अंशांनी तापेल.

तीन अंश ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण ढिगाला आम्ही एकूण दोनच अंशांची मुभा दिली होती. नळी वाटेत जवळजवळ एकोणीसशे वॅट गोळा करत होती, आणि ढिगातला कांदा देत होता साडेबाराशे. कांद्याची ऊब काढायला निघालेली नळी कांद्याहून जास्त ऊब घेऊन ढिगात शिरणार होती. भाचीने आकडेमोड पुन्हा तपासली. मग दादाला हाक मारली. दादाने कागदाकडे पाहिलेही नाही, गोठ्यात गेला, शिडी लावून वाशाला हात लावला आणि खाली उतरून म्हणाला, "खालून न्या."

खालून म्हणजे घराच्या उत्तरेच्या भिंतीच्या कडेने, दिवसभर सावली असते तिथून. चाळीस सेंटिमीटर व्यासाची, दोनच वळणांची, तीही गोलाईने घेतलेली. जनावरांच्या पायांसाठी मध्ये दगडी कठडा. वळणे काटकोनी धरली तरी ब्लोअरला शंभर वॅटच्या आतच काम होते, म्हणजे दहा तासांना एक युनिट. नळीतून पाच मीटरच्या आतबाहेर वेगाने येणारी हवा बराखीच्या फरशीखाली पसरली की एकोणतीस चौरस मीटरांत वाटली जाते आणि ढिगातून वर चढताना तिचा वेग सेकंदाला दोन सेंटिमीटर उरतो. मुंगीच्या चालीएवढा. नाणेघाटाच्या बरोबर उलट: तिथे पसरलेला वारा अरुंद होऊन उसळतो, इथे अरुंदातून आलेला पसरून निवतो. साडेबाराशे वॅट वाहून न्यायला ही मुंगीची चाल पुरते, हे मला त्या सगळ्या हिशेबातले सर्वांत विलक्षण वाटले.

उन्हाळ्यात ब्लोअर रात्री चालवायचा, बाहेरची हवा गार असते तेव्हा. यावर दादाचा आक्षेप वेगळाच होता: रात्री दोनला जाऊन तो चालू-बंद कोण करणार? जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. उसात बिबटे आहेत. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला येते तेव्हा पाणी धरायला जाणारा माणूस हातात काठी, गळ्यात बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून जातो. दिवसा वीज द्या ही इथली मागणी बिलापेक्षा जिवाची आहे. म्हणून ब्लोअर घरच्या सिंगल फेजवर घेतला आणि त्याला तापमानावर चालणारे बटण बसवले. ते बटण नळीपेक्षा महाग पडले नाही, एवढे सांगते.

पावसाळ्याने मात्र हिशेब फिरवला. कांद्याला उष्णतेइतकीच ओलीची भीती असते; पंचवीस ते तीस अंश आणि पासष्ट-सत्तर टक्के आर्द्रता त्याला मानवते. ऑगस्टातल्या रात्री हवा चोवीस अंश असते, गार म्हणून उत्तम, पण आर्द्रता नव्वद टक्के. ती ढिगात सोडायची म्हणजे बुरशीला आवतण. आता गंमत अशी की हीच हवा तीन अंशांनी तापवली तर तिच्यातले पाणी तेवढेच राहून आर्द्रता पंचाहत्तरवर येते. म्हणजे मे महिन्यात जे तीन अंश आम्ही मोठ्या खटाटोपाने टाळले, तेच ऑगस्टात हवेसे झाले! भाचीला हे जुलैमध्ये सुचले आणि तिने फोनवरून सांगितले, "पावसाळ्यात रात्री बंद ठेवा, दुपारी उघडीप पडली की चालवा." आकडा तोच, अर्थ ऋतूवर. आम्ही साहित्यातली माणसे संदर्भाने अर्थ बदलतो हे मोठ्या अभिनिवेशाने सांगत असतो.

हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. एप्रिल २०२४ मध्ये कांदा बराखीत गेला तेव्हा निर्यातबंदी होती, ८ डिसेंबर २०२३ पासूनची. ती ४ मे २०२४ ला उठली, पण चाळीस टक्के निर्यातशुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट ठेवून. सप्टेंबरात अट गेली आणि शुल्क वीसवर आले, आणि ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये हेच चाळीस टक्के शुल्क लागले होते, तेव्हाही शेतकऱ्यांचा कांदा बराखीतच होता. साठवण म्हणजे वाट पाहणे, आणि वाट पाहणाऱ्याला दिल्लीतून कोणता वारा सुटेल हे मोजण्याचे सूत्र रेनॉल्ड्सने दिलेले नाही.

नळी बसवली त्या रात्री भाचीने वेग मोजण्याचे छोटे यंत्र कॉलेजातून मागून आणले होते. हिशेबाप्रमाणे ४.६ यायला हवे होते. नळीच्या तोंडाशी ४.१ आले. सांधे गळत असणार, असे ती म्हणाली आणि अंधारात टेप घेऊन बसली. अण्णा बराखीत गेले, उदबत्ती पेटवून फटीशी धरली. धूर आधी सरळ वर गेला, मग फरशीच्या बाजूने आलेल्या झुळुकीने कांद्यांमध्ये वळला आणि दिसेनासा झाला. अण्णांनी हात आत घातला. बराच वेळ ठेवला. काही बोलले नाहीत.

ऑक्टोबरात बराखी फोडली तेव्हा वीस टनांहून थोडा जास्त माल निघाला. तळाचा, पश्चिमेच्या भिंतीकडचा एक पट्टा सडलेला होताच. तिथे फरशीखालची हवा पोचत नाही, बहुधा मधल्या खांबाच्या पायामुळे. भाचीची परीक्षा संपून ती आता चाकणला नोकरीला लागली आहे आणि त्या खांबाला वळसा घालणारी एक पत्र्याची पट्टी कापून घ्यायची आहे. दादाने माप घेऊन ठेवले आहे.